वरच्या खिशातली नोट

अकोल्याच्या एका प्रसूतिगृहातल्या आयाबाईची नोकरी माझ्या चिठ्ठीमुळे गेली, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही आणि जिच्या जन्मापायी हे घडलं त्या मुलीलाही नाही. चिठ्ठीवर सही नव्हती, म्हणून कोणी विचारलंही नाही. पंचवीस वर्षं होत आली. मी मुळात कमी बोलणारा माणूस आहे, आणि कमी बोलणाऱ्याच्या पोटात काय काय खपून जातं ते लोकांना कळत नाही.

बायकोचं माहेर अकोल्याचं, म्हणून पहिलं बाळंतपण तिकडे. मी अमरावतीला सरकारी कार्यालयात कारकून. सासऱ्यांचा निरोप आला तसा सकाळची एसटी धरली. निघण्याआधी बँकेतून पैसे काढले होते. त्यात एक पाचशेची कोरी नोट होती. तेव्हा ती रोज बघायला मिळत नसे. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, लोक चहाला उतरले. मी जागेवरच बसलो आणि पैशांची वाटणी केली. पाचशेची नोट शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि पन्नासची पँटच्या खिशात.

हे दोन खिसे कशासाठी, ते सांगायलाच हवं. त्या काळी आमच्याकडे बाळ झालं की आयाबाई ते मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून बाहेर आणायची, बापाच्या हातात द्यायची आणि मग खुशीचे पैसे मागायची. थोडी घासाघीस, थोडी थट्टा व्हायची. मुलगा असला तर जास्त, मुलगी असली तर कमी. काही घरांत मुलीचे काहीच देत नसत आणि आयाबाईही हात पुढे न करता आत निघून जायची. हा भाव कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. आणि मी? मी कार्यालयात मुलगा-मुलगी एकच म्हणून मोठमोठ्यानं बोलणारा. तरी बसमध्ये बसून दोन खिसे भरणारा.

मुलगी झाली. आयाबाई बाहेर आली. तिला सगळे मावशीच म्हणत. ठेंगणी, सावळी, डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेली. तिनं आधी बाळ माझ्या हातात दिलं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आधी बाळ दिलं, माझे हात नीट धरवले, "मान सांभाळा, भाऊ, मान" म्हणाली, आणि मग हात पुढे केला.

"लक्ष्मी आली. काढा आता खुशी."

बाळ सासूबाईंकडे देऊन मी पँटच्या खिशातून पन्नासची नोट काढली. मावशीनं ती घेतली, कपाळाला लावली. मग तिची नजर माझ्या छातीवर गेली. पांढरा टेरिलीनचा शर्ट, आतली नोट आरपार दिसत होती.

"अन वरच्या खिशातली पोरासाठी आनली व्हती काय, भाऊ?"

सगळे हसले. सासरे हसले, शेजारच्या खोलीतल्या पेशंटचे लोक हसले. धाकटी मेव्हणी तर टाळी वाजवून म्हणाली, "जवाईबापू पकडल्या गेले!"

मीही हसलो. हात आपोआप खिशावर गेला, झाकल्यासारखा. त्याच क्षणी ती नोट काढून दिली असती तर गोष्ट तिथंच संपली असती, मावशीनं आशीर्वाद दिला असता आणि माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण दिली नाही. मावशीनं मनात काही ठेवलं नव्हतं. ती रोजच्यासारखी थट्टा करून आत गेली. मनात ठेवलं ते मी.

त्याच नोटेचे संध्याकाळी पेढे आणले. मुलगी झाली की बर्फी वाटायची पद्धत. मी मुद्दाम पेढे वाटले. सासऱ्यांनी चार लोकांत कौतुक केलं, आमचे जावई नव्या विचाराचे म्हणून. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर बसून चिठ्ठी लिहिली. आत येताना भिंतीला एक लाकडी सूचनापेटी दिसली होती. दवाखाना नुकताच हाती घेतलेले डॉक्टर तरुण होते, शिस्तीचे होते, असं ऐकलं होतं. मी लिहिलं की आपल्याकडील आयाबाई गोरगरीब नातेवाइकांची अडवणूक करतात, पैसे दिल्याशिवाय बाळ हातात देत नाहीत. कोणती आयाबाई ते कळावं म्हणून हातावरच्या गोंदणाचाही उल्लेख केला. अक्षर सरकारी, भाषा सरकारी. लिहिताना मला राग आला होता असं म्हणता येणार नाही. उलट मी काही चांगलं काम करतो आहे असंच वाटत होतं. खोटं लिहितानाही माणसाला इतकं स्वच्छ वाटू शकतं, हे तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी बाळाला आंघोळ घालायला दुसरी बाई आली. बायकोनं विचारलं, "कालची मावशी काहून नाही आली?" मी म्हणालो, "मले काय माईत." सुट्टी होऊन आम्ही निघालो त्या दिवशी दाराशी नवी पाटी लागली होती: कर्मचाऱ्यांना बक्षीस देऊ नये. रंग अजून ओला होता. सासरे पाटीकडे बघून म्हणाले, "हे एक बरं केलं बाप्पा डाक्टरनं."

त्यानंतर मी तत्त्वाचा माणूस झालो. कुठेही टिप देत नसे. अमरावतीत राजकमल चौकाकडे जेवायला गेलो की बिलाची बशी बडीशेपेसकट यायची, आणि मी सुटे पैसे बशीतून वेचून घ्यायचो, चिकटलेली बडीशेप झटकून. वेटर तिकडे बघत नसल्यासारखा उभा असायचा. सेमाडोहला फिरायला गेलो तेव्हा दिवसभर जंगल दाखवणाऱ्या वाटाड्यालाही ठरल्यापलीकडे काही दिलं नाही. कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं. टिप म्हणजे माणसाला लाचार करणं, पगार मालकानं पुरता द्यावा. हे बोलणं चूक नाही. आजही चूक वाटत नाही. पण माझ्या तोंडी ते खोटंच होतं. एकदा जरी कोणाच्या हातावर खुशीचे पैसे ठेवले असते तर ती चिठ्ठी कशासाठी होती हे मला स्वतःला सांगावं लागलं असतं. घरात मात्र माझं नाव झालं. बाबा कडक आहेत, बाबांना असलं चालत नाही.

मग मोबाईलवरून पैसे द्यायचे दिवस आले. सुटे पैसे नाहीत, बशी नाही, बिल जेवढ्याचं तेवढं जातं. मला मोकळं वाटलं. मुलीला मात्र तसं वाटेना. ती वेगळ्याच वळणाची निघाली. ऑनलाईन जेवण मागवलं की ॲपवर टिप देणार, वर जिने चढून आलेल्या माणसाला थांबवून पाणी देणार आणि रोख वीस रुपयेही.

"ॲपवर दिली ना एकदा?" मी विचारलं.

"त्याच्यातली त्याले किती भेटते कोनाले माईत?"

"पगार मालकानं द्यावा. आपण देऊन त्याची सवय बिघडवतो."

"कोनाची, मालकाची का याची?" ती हसली. "बाबा, तुमचं बरोबर हाये. मालकानंच द्यावं. पन देत नाही ना तो. तोवर या मानसानं काय करावं?"

मी वर्तमानपत्र उघडलं. इतक्या वर्षांच्या तत्त्वाला तिचं एवढंच उत्तर पुरलं.

या उन्हाळ्यात तिचं बाळंतपण आमच्याकडे अमरावतीला झालं. मुलगी झाली. मोठा दवाखाना, काचेची दारं, गणवेशातल्या आयाबाई. बाळाला आईजवळ ठेवून आयाबाई निघाली. कोणी काही मागितलं नाही. मुलगीच पलंगावरून म्हणाली, "बाबा, त्यांना काही द्या ना. आजच्या दिवस तरी."

माझा हात खिशात गेला तेव्हा आमची ही माझ्याकडे बघतच राहिली. मी पाचशेची नोट पुढे केली. आयाबाईनं नोटेकडे बघितलं नाही, वर छताकडे बघितलं. तिथं कॅमेरा होता.

"नको, काका. ठेवा तुमी ते. मागं आमची एक जन काढल्या गेली याच्यापायी. कोनंतरी तक्रार केली म्हने."

"तिनं मागितले होते का?"

"माईत नाही, बाप्पा. तिले कोनं इचारलं?"

मी नोट हातात धरून उभा राहिलो. मुलीला वाटलं बाबांचा हिरमोड झाला. बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो. घरी सांगितलं की जुन्या ओळखीच्या माणसाला भेटायचं आहे.

ते प्रसूतिगृह आता नाही, तिथं कोचिंग क्लास आहे. पण समोरचं औषधाचं दुकान तेच. म्हाताऱ्या दुकानदारानं हातावरचं गोंदण म्हटल्याबरोबर ओळखलं. म्हणाला, तिकडून काढलं तेव्हापासून ती घरोघरी लेकरांची मालिश करते, जुन्या शहरात राहते. पत्ता त्यानंच सांगितला.

ती अंगणात पाय लांब करून बसली होती. पायांवर कोणाचं तरी बाळ पालथं, बाजूला तेलाची वाटी. केस पांढरे झाले होते. हातावरचं गोंदण सुरकुत्यांत विरून गेलं होतं.

"कोन हाये?" तिनं डोळे बारीक करून विचारलं.

"अमरावतीहून आलो, मावशी. माझी मुलगी तुमच्या हातावर झाली होती. त्या दवाखान्यात."

"माह्या हातावर तं अर्धं अकोला झालं, भाऊ." बाळाच्या पाठीवरचा तिचा हात थांबला नाही. "कशी हाये पोरगी?"

"तिलाही मुलगी झाली. गेल्या महिन्यात."

"वा! मंग पेढे कुठं हायेत?"

मी पैसे घातलेलं पाकीट पुढे केलं. खुशीचे पैसे म्हणालो, तेव्हाचे राहिले होते.

"तवाचे?" ती मोठ्यानं हसली. "तवाचे काहून राहतीन? आमी तं जाग्यावरच वसूल करत होतो. ठेवा ते. बिनकामाचे नाई घेत मी. नातीले घेऊन या, मालिश करून देईन, मंग द्या हक्कानं."

आणि मग, न विचारता, ती दवाखान्याबद्दल बोलू लागली. सतरा वर्षं काम केलं. एका चिठ्ठीपायी गेलं. "लेकरू अडवून पैसे मांगते म्हने मी! मी तं लेकरू आधी बापाच्या हाती द्याची, मंग हात पसराची."

"कोणी लिहिली असेल?" मी विचारलं. इतकी माझी हिंमत.

"असेल कायले? मले माईत हाये. माह्या जोडीची व्हती एक. बहिनीवानी. माही जागा तिलेच भेटली ना मंग." तिनं बाळ उताणं केलं, छातीला तेल लावलं. "दोन गल्ल्या सोडून राह्यते. तवापासून तिच्या दारात पाय नाई ठेवला मी. पोरीच्या लग्नाले बलावलं, नाई गेली. नवरा मेला तिचा, तरी नाई गेली."

"ती नाही म्हणाली असेल की."

"म्हने ना! लेकरायची शपथ घेतली तिनं माह्यापुढं. शपथीचं काय, भाऊ? ज्यानं लिहिलं तो कबूल करन काय कधी?"

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. मी चहा प्यायलो. चांगला झाला होता, तसं म्हणालोही. बाळाची आई अंगणाच्या दाराशी येऊन उभी राहिली, तिच्याशी मावशीचं बोलणं सुरू झालं, आणि मी उठलो. "नातीले आना बरं," मावशी मागून म्हणाली. गल्लीत आल्यावर लक्षात आलं की पाकीट मी वरच्या खिशात ठेवलं होतं.

परत येताना सगळ्या वाटेभर स्वतःला सांगत होतो, लोक होते, सून होती, कोणाचं तरी तान्हं बाळ होतं. खरं एवढंच आहे की मला भीती वाटली. मी समजत होतो की मी एका बाईची रोजी घेतली. तिनं ती तिच्या हातांनी पुन्हा मिळवली होती. जे मिळवता आलं नाही ते दोन गल्ल्या सोडून होतं, आणि त्याची मला पंचवीस वर्षं खबरही नव्हती. त्या दुसरीचा चेहरा मला आठवत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीला आंघोळ घालायला आली होती ती तीच असावी.

हे लिहून झालं की आधी मुलीला वाचायला देणार आहे. दोन खिशांचं तिला माझ्याकडूनच कळायला हवं. मग नातीला मालिशीला न्यायचं का, ते ती ठरवेल. मला मात्र जावंच लागेल.

त्या मावशीचं मी एक कबुलीचं देणं लागतो, की चिठ्ठी मी लिहिली आणि त्यातलं खोटं माझं होतं. ही कबुली तिच्या मैत्रिणीसमोर द्यायची आहे, दोघी जिवंत आहेत तोवर. अजून दिलेली नाही.