साळूचा पान्हा आणि माझी कात्रणं

काय सांगायचं तुम्हाला! आयुष्यभर वर्तमानपत्रात लोकांची लफडी बाहेर काढली, पण माझ्याच गोठ्यातल्या एका लफड्यात माझी जी शोभा झाली, तिचा विषय पारनेरच्या बाजारात अजून निघतो. चहा घ्या, सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. पोरगी तान्ही, तिला वरचं दूध लागायचं, आणि गावात दूध पैसे देऊनही मिळेना. तेव्हा सासऱ्यांनी साळू पाठवली. पहिलारू गाय, कासेला हात लागला की लाथ. सासरे एवढे उदार कसे झाले, हा संशय मला तेव्हाच आला होता.

बायकोनं, म्हणजे यमुनानं, तिला वळण लावायला घेतलं. मागे उभं राहायचं नाही. आधी गळ्याखालची पोळी खाजवायची, मग पाठीवरून हात, मग काठीला मऊ फडकं बांधून ते लांबूनच कासेवरून फिरवायचं. लाथ बसलीच तर फडक्याला बसेल. मला काम एकच: गाईच्या तोंडाशी उभं राहून बोलत राहायचं. आवाज ओळखीचा झाला की जनावर धीर धरतं, म्हणे.

आता गाईशी मी काय बोलणार? ओव्या येत नाहीत. खिशात माझ्याच बातमीचं कात्रण होतं, खडीच्या कामावरच्या मुकादमाची सालटी काढलेली. तेच वाचलं. माझं लिखाण वाचताना मी जरा तापतोच. साळूनं कान टवकारले, पाय स्थिर केले आणि चक्क पान्हा सोडला! मग रोज तेच. हळूहळू काठी सुटली, फडकं सुटलं, कात्रण तेवढं राहिलं.

पुढे मला दुष्काळी कामं पाहायला बाहेरगावी राहावं लागायचं. घरी परतलो की दूध नावाला, पोरगी किरकिरी, यमुना नजर चुकवतेय. आणि ट्रंकेतली माझी कात्रणं कमी! त्या ट्रंकेला हात लावायची परवानगी घरात मांजरालाही नव्हती.

एकदा शेजारचे नाना सदऱ्यात कागद खुपसत आमच्या गोठ्यातून बाहेर पडताना दिसले. विचारलं, तर म्हणाले शेण बघायला आल्तो. शेण बघायला? तुम्ही कधी कुणाकडे शेण बघायला गेलाय?

झालं, डोक्यात बातमी तयार. मुकादमानं नानांना फोडलंय. कात्रणं तिकडे पोचवायची, माझ्यावर खटला भरायचा, आणि बक्षीस म्हणून माझ्या पोरीचं दूध नानांनी न्यायचं. यमुना सामील आहे की नुसती भोळी, एवढंच ठरवायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी राहुरीला जातो म्हणून निघालो आणि ओढ्याकडून वळसा घालून संध्याकाळी कडब्याच्या गंजीमागे दबा धरला.

नाना आले. यमुना चरवी घेऊन गाईपाशी बसली. नानांनी सदऱ्यातून कात्रण काढलं आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागले. साळू मान वळवून त्यांच्याकडे कंटाळून बघत होती. चरवी कोरडी. पण मला दिसत होता फक्त चोरीचा माल!

उडी मारून पुढे झालो. नानांना चोर म्हणालो, फितूर म्हणालो, तान्ह्या पोरीच्या तोंडचं दूध पळवता, लाज कशी वाटत नाही म्हणालो. हात नाचवत, खणखणीत आवाजात. आणि खाली चरवीत सर्र सर्र धार वाजायला लागली.

मी थांबलो. धार थांबली.

नाना घाम पुसत म्हणाले, "भाऊ, तुमी नसता तवा ही पान्हा चोरती. वैनी म्हनली, त्यांचं लिवलेलं वाचून बघा. लई वाचलं. पन मला तुमच्यावानी राग न्हाई येत हो."

"मग मला का नाही सांगितलं?" मी यमुनाला विचारलं.

"ट्रंक उघडली म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं तुम्ही."

एवढ्यात आत पोरीनं भोकाड पसरलं. यमुनानं चरवीत डोकावून पाहिलं. "अहो, अजून दोन सड बाकी आहेत. नानांना परत चोर म्हणा बरं."

नाना भिंतीला टेकून ऐसपैस उभे राहिले. "व्हय भाऊ, होऊ द्या. माझ्या बापापासनं धरा."

आणि चरवी भरेपर्यंत त्या निरपराध माणसाच्या सगळ्या खानदानाचा मी उद्धार केला.