रास मोजताना ओढ्याच्या पल्याड

आमचं गाव पासली, ते सोडलं भर सुगीत. खळ्यावर भाताची रास पडलेली, आन् म्या ओढ्याच्या पल्याड उभा. आई साकवावरनं आली, भाकरीचं फडकं हातात दिलं. आमचे वडील, आबा, रास सोडून आले न्हाईत.

तवा भोरला संस्थान होतं. आमच्याकडं रास मोजताना कुणी आवाज करायचा न्हाई. पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात. मधी कुणी खोकलं तर बरकत जाते, माप परत राशीत ओतायचं. आन् मला झोडणीची, उफणणीची धूळ नाकात गेली की छाती आवळायची, आत शिट्टी वाजायची. सारखं माप परत ओतून आबा कंटाळले. म्हणाले, "तू पल्याड जाऊन बस. रास उचलली की हाक मारतो." भावकी हसली, "ह्याचा दमा कामापुरता." ते काळजाला लागलं. हाकेची वाट न बघता निघालो.

भोरच्या वाटंवर कापूरहोळ यायच्या आत छाती सैल झाली. भोरात एका वकिलांकडं पाणी भरायला ऱ्हायलो. नदीवरनं घागरी वाहिल्या, धाप म्हणून लागली न्हाई. म्हणजे कामचुकार नव्हतो, धूळच वैरीण होती. पण तिथंबी भाताचं नवं पोतं सोडायच्या आधी वकिलीणबाई सांगायच्या, "महादू, बाहेर हो रे." दोन्ही वेळा भात खाणारा माणूस, पण भाताजवळ उभं ऱ्हायची सोय न्हाई. बाकीचे गडी सुगीला गावी जात, म्या पावसाळ्यात. गाव म्हणायचं, महादू सायेब झाला. म्या खुलासा केला न्हाई. कुणाकुणाला छाती उघडून दाखवायची?

एका सुगीला मात्र हट्टानं गेलो. तोंडाला ओलं फडकं बांधून राशीपाशी बसलो. आबांनी पहिलं माप भरलं आन् मला ठसका आला. दाबला, डोळ्यांपुढं अंधारी आली, शेवटी फुटलाच. समदे आबांकडं बघाय लागले. आबांनी माप परत ओतलं न्हाई. माझ्याकडं बघितलं आन् म्हणाले, "लाभ." मग हळूच, "जा आता पल्याड, पोरा."

आबा गेले. आता म्या म्हातारा झालो. पुतणे म्हणतात, काका, गावी घर बांधा. बांधीन, पण ओढ्याच्या पल्याडच. गाव सोडून भोर-पुण्याला गेलेल्यांनो, तुमास्नी हसू यील. पण तिथनं खळं दिसतं. लाभ म्हणलेलं ऐकाय यायचं तर वारा माझ्याकडं पायजे, आन् वारा आला की धूळबी येणार. दार उघडंच ठेवीन.