टेपवाले चाचा आणि झोपेचं गाणं

टेपवाले चाचा कुणाचं खोटं कौतुक करत नसत. मुलीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला गेले, तर भर पंगतीत "बिर्याणीत मीठ कमी हाय" म्हणून मोकळे. व्याही ते अजून विसरलेले नाहीत.

भवानीनगरला कारखान्याच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. उसाच्या ट्रॅक्टरला स्पीकर बसवून द्यायचे आणि ड्रायव्हरांना पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून द्यायचे. कॅसेटी जाऊन जमाना लोटला, तरी नाव टेपवाले ते टेपवालेच. गाणी भरायची त्यांची ठरलेली रीत होती. "आधी देव, मग नाच," म्हणायचे. पहिलं गाणं भक्तीचं, पुढे सगळा धांगडधिंगा.

माझा अल्बम आला तेव्हा मी आधी त्यांच्याकडे नेला. ते वडिलांचे जुने दोस्त, लहानपणी माझ्या हातात पहिला माईक त्यांनीच दिलेला. मी गाते त्याला निओ-सोल म्हणतात. संथ ठेका, दबका आवाज, शब्द आपले मराठी. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी भरभरून लिहिलं होतं. एकाला तो 'अंतर्मुख' वाटला, दुसऱ्याला 'धाडसी'. ऐकला मात्र फारसा कुणी नाही. गावात भेटेल तो विचारायचा, "ताई, एखादं नाचायचं न्हाय का?" उत्तरं देऊन देऊन मी थकले होते.

चाचांनी डोळे मिटून अख्खा अल्बम ऐकला. समोरचा चहा गार झाला. मग म्हणाले, "पोरी, खरं सांगू? मला न्हाय आवडलं. आता कायतरी सुरू हुईल, आता हुईल असं वाटतं, आन् गाणंच संपतं."

मी कसनुशी हसले. पण लागलं मला. समीक्षकांचं सगळं कौतुक त्या एका वाक्यात वाहून गेलं.

आणि ह्याच माणसाने त्या हंगामात माझं एक गाणं प्रत्येक पेनड्राइव्हच्या शेवटी घातलं. ना मला विचारलं, ना ड्रायव्हरांना सांगितलं. ते उघडकीला आलं दत्तामुळे. हा दत्ता ड्रायव्हर भरल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या रांगेत उभा होता. धांगडधिंगा संपला, माझं गाणं लागलं आणि गडी स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला. रांग सरकली, मागचे ट्रॅक्टर बाजूने पुढे घुसले. दत्ता जागा झाला तो तडक दुकानात आला. मी तिथेच बसले होते.

"चाचा, ते शेवटचं झोपेचं गाणं काढा आधी! नंबर गेला माझा!"

झोपेचं गाणं! माझ्या एवढ्या कष्टांचं हे बारसं. मीच म्हणाले, "काढा चाचा, जाऊ दे."

"न्हाय काढत." चाचा जागचे हलले नाहीत. "दत्ता, अशी गाढ झोप याआधी कवा लागली हुती तुला?"

दत्ता डोकं खाजवू लागला. तोडणी सुरू झाल्यापासून त्याची झोप सीटवरच, तीही तुकड्यातुकड्यांनी.

चाचा माझ्याकडे वळले. "झोप यावी असं गाणं म्हंजे वाईट व्हय गं? मला आवडलं न्हाय ते न्हायच. पर ह्यांच्या कामाचं हाय."

यंदा चाचा गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुसरा अल्बम करायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. ज्याचं मत विचारावं असं माणूसच उरलं नव्हतं, आणि चाचांच्या त्या खरखरीत खरेपणाची मला फार आठवण येत होती.

चाळिसाव्याला त्यांच्या घरी गेले. जेवणं उरकल्यावर दत्ता टोपी हातात चुरगाळत जवळ आला.

"ताई, पेनड्राइव्ह बिघडला माझा. चाचा तर आता न्हाईत. ते झोपेचं गाणं तुमच्याकडं हाय का?"

"आहे की. आणि बाकीची गाणी?"

"ती काय," दत्ता म्हणाला, "कुठंबी मिळत्यात."