केबिरुंगीवहिनींनी मोजलेली दुधाची भांडी

केबिरुंगीवहिनींविषयी लिहायला बसलो आहे, तेव्हा प्रथम हे सांगणे माझे कर्तव्य आहे, की रुकोमा टेकडीवर त्यांच्यावर सर्वाधिक संशय घेणारा मनुष्य मी होतो. त्यांचे पती कारेमेरा आणि मी एकाच कुरणावर गुरे राखून मोठे झालो. कारेमेराने नदीपलीकडून बायको आणली. नदीपलीकडची माणसे तोंडाने हसतात आणि डोळ्यांनी आपला गोठा पाहून घेतात, असे आमच्याकडे सर्वांचेच मत होते आणि माझेही होते.

कारेमेरा वारला, तेव्हा वहिनींच्या पदरी दोन मुली आणि मोजक्या गाई होत्या. त्यांनी सायकलला कॅन बांधले आणि स्वतः सडकेपर्यंत दूध नेऊ लागल्या. विधवा बाई सायकल चालवते, यावर आम्ही पुरुषांनी पुष्कळ चर्चा केली. पुढे त्यांनी बायकांचा तुपाचा गट काढला, गावसमितीत बायकांची जागा मिळवली आणि जुने अध्यक्ष मुलाकडे शहरात राहायला गेल्यावर त्यांच्या जागी त्या आल्या. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी गुरांसाठी तळे खोदून घेतले. आमच्या गाई त्या तळ्याचे पाणी पीत होत्या आणि आम्ही काठावर उभे राहून, ‘या बाईला यात काय मिळाले असेल,’ असे एकमेकांना विचारत होतो.

त्यानंतर टाकीची गोष्ट निघाली. आमचे संध्याकाळचे दूध सकाळपर्यंत फाटत असे आणि व्यापारी फक्त सकाळचे दूध घेत. जिल्ह्याकडून दूध थंड ठेवण्याची एक टाकी येणार होती. ती एकतर रुकोमाला मिळेल, नाहीतर शेजारच्या किशोंगोला. ज्या गावात दूध जास्त, त्याला टाकी. त्यासाठी जिल्ह्याने गाईंची संख्या मागवली.

आता आमच्यात गाई मोजत नाहीत. प्रत्येक गाय रंगाने आणि शिंगांनी ओळखू येते. एखादी आली नाही, तर तिची जागा रिकामी दिसते. जो मोजतो, त्याच्या मनात विकणे किंवा नेणे असते. शिवाय आमच्या निम्म्या गाई मैत्रीखातर दुसऱ्याच्या गोठ्यात असतात आणि दुसऱ्याच्या आपल्याकडे.

वहिनी वही घेऊन माझ्या कुंपणाशी आल्या.

“भाऊजी, या गोठ्यात गाई किती?”

“या माझ्या कुठे आहेत? ती लाल गाय, बिहोगो, आपल्या कात्सिगाझीची. ही लांब शिंगांची मेहुण्याची.”

“आणि कात्सिगाझींच्या गोठ्यातल्या?”

“त्यालाच विचारा की.”

“विचारलं. म्हणाले, त्या रुतारोच्या. म्हणजे तुमच्याच.”

“मग त्याला ठाऊक असेल.”

“म्हणजे रुकोमाच्या सगळ्या गाई रस्त्यावरच राहतात म्हणायच्या. गोठ्यात कुणाच्याच नाहीत.”

आत माझी पत्नी केम्बाबाझी हसली. ते मला आवडले नाही. मी विचारले, “ही वही वाचणार कोण?”

“जिल्ह्याचे साहेब.”

“आणि वाचून झाल्यावर गाईंवर कर बसवणार?”

“ते मला माहीत नाही, भाऊजी. बसणार नाही, असं खोटं कशाला सांगू?”

या उत्तराने माझा संशय दुप्पट झाला. जो मनुष्य लहान खोटे बोलत नाही, त्याने मोठे काहीतरी लपवलेले असते, असे मला वाटले. त्याच आठवड्यात मी आणि कात्सिगाझीने आमच्या बऱ्याच गाई पाणथळीकडे पाठवल्या. इतरांनीही तसेच केले. वहीत रुकोमाच्या गाई इतक्या थोड्या भरल्या, की मुलीच्या बापाला तेवढ्या गाई देऊ म्हटले असते, तर एका लग्नाचीही बोलणी झाली नसती. मोजणी संपल्यावर गाई परत आल्या.

वहिनींनी पुरुषांकडे येणे थांबवले. त्या सकाळी घरांच्या मागच्या बाजूला दिसू लागल्या. तेथे आमच्या बायका दुधाची लाकडी भांडी धुऊन त्यांना सुगंधी गवताचा धूर देतात. तेथे पुरुष जात नाही. मी कुंपणातून पाहिले, तर वहिनी पेन्सिलीने एकेका भांड्याकडे खूण करत होत्या.

मी पत्नीला विचारले, “काय लिहून घेते ती?”

“भांडी.”

“कशाला?”

“रोज जितकी भांडी धुरावर ठेवते तितकं दूध निघतं, म्हणून. तुम्ही गाई लपवा. मला भांडी लपवायला कुणी सांगितलं नव्हतं.”

जिल्ह्याचे दूध अधिकारी आले. किशोंगोच्या लोकांनी टाकीच्या लोभाने गाईंचा भला मोठा आकडा दिला होता आणि आमचा आकडा अगदी लहान होता. अधिकाऱ्यांनी दोन्ही आकडे बाजूला सारले आणि वहिनींच्या भांड्यांचे पान वाचले. मग दोन्ही गावांना एकेका सकाळचे दूध शाळेच्या पटांगणात आणायला सांगितले. आमच्या बायका भांडी घेऊन आल्या, त्यांची रांग फाटकाबाहेर गेली. पानावर होती तितकीच भांडी निघाली. किशोंगोची रांग मात्र फाटकापर्यंतही पोहोचली नाही.

अधिकारी म्हणाले, “एवढ्याशा गाईंचं एवढं दूध? यांना खायला काय घालता हो?”

कात्सिगाझी माझ्या कानाशी म्हणाला, “आपल्या परसात शिरून आपल्याला उघडं पाडलं हिने. आज भांडी मोजली, उद्या ताटातले घास मोजेल.”

टाकीचा निर्णय लागण्याआधी गावसमितीची निवडणूक आली. आमच्याकडे ती उघड्यावर होते. उमेदवार समोर उभा राहतो आणि ज्याला तो हवा तो त्याच्या पाठीमागे रांगेत उभा राहतो. एकीकडे वहिनी, दुसरीकडे कात्सिगाझी. मी कात्सिगाझीच्या मागे पहिला उभा राहिलो. भांडी घेऊन आलेल्या कितीतरी बायका आपापल्या नवऱ्यांच्या रांगेत आल्या. केम्बाबाझी आली नाही. ती वहिनींच्या मागे उभी राहिली आणि मोजणी संपेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली.

वहिनी हरल्या. त्यांनी गावाचा शिक्का आणि ती वही कात्सिगाझीच्या हाती दिली.

“भाऊजी, टाकीचं पत्र आलं, तर वेळेवर उत्तर द्या. नाहीतर ती किशोंगोला जाईल.”

कात्सिगाझीला वाचता येत नव्हते. मलाही नव्हते. आम्ही वही उलटसुलट करून पाहिली.

“या एका नावापुढे काहीतरी लांबलचक लिहिलंय. तुझंच असणार,” तो म्हणाला. शब्दांची लांबी त्याला दिसत होती.

पत्र आले, तेव्हा ते घेऊन आम्हाला वहिनींच्याच दारी जावे लागले. त्यांनी ते वाचले, उत्तर लिहिले आणि शिक्का मारण्यासाठी कागद कात्सिगाझीपुढे सरकवला. त्यांनी खरोखर काय लिहिले, हे आम्हाला कळण्याचा मार्ग नव्हता. दोन महिन्यांनी टाकी रुकोमाला आली. फीत कात्सिगाझीने कापली. वहिनी त्या दिवशी दुधाच्या रांगेत पाचव्या होत्या.

पुढच्या वर्षी उपजिल्हा परिषदेची निवडणूक झाली. तिथे चिठ्ठी घडी करून पेटीत टाकतात, कुणी कुणाला मत दिले ते दिसत नाही. तिथे वहिनी मोठ्या फरकाने निवडून आल्या. केम्बाबाझीने मत कुणाला दिले, हे मी तीनदा विचारले. तिने तिन्ही वेळा माझ्यापुढे बाजरीचा गोळा आणि तूप ठेवले आणि जेवा म्हणाली.

त्या वहीत माझ्याविषयी काय लिहिले आहे, हे कळावे म्हणून मी प्रौढांच्या वर्गात जाऊ लागलो. दुसऱ्याकडून वाचून घेतले असते, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा लागला असता. दीड वर्षाने कात्सिगाझीकडून वही मागून आणली आणि बोट ठेवून ते पान वाचले.

“रुतारो. भांडी अकरा. गाई विचारल्या, सांगितल्या नाहीत. सांगतील तेव्हा लिहाव्यात.”

त्यापुढे एका आकड्यापुरती जागा सोडलेली आहे. गाईंवर कर अद्याप बसलेला नाही, तरी तो बसणार नाही, असे मी आजही म्हणणार नाही. आता पेन्सिल माझ्याकडे आहे आणि आकडे मला लिहिता येतात. ती जागा अजून कोरी आहे.