अय्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त

चन्नय्या स्वामींना गृहप्रवेशाला बोलावलं की पाहुण्यांना घरून जेवून या, असं आधीच सांगावं लागे. मंठाळमधल्या आमच्या गल्लीचे ते जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित. सगळे त्यांना अय्या म्हणायचे. अंगानं दांडगे, आवाज खणखणीत, काम मात्र गोगलगायीच्या चालीनं. एक विधी गाळायचे नाहीत, एक मंत्र गिळायचे नाहीत. तिकडं चुलीवर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, घट्ट होऊन तिच्यात पळी उभी राहिली तरी यांचं चालूच. कोणी घड्याळाकडं बघितलं की म्हणायचे, "देवाला कुठली बस धरायची हाय? तुला धरायची असंल तर तू जा." जेवणातही तोच निवांतपणा. चौथ्यांदा वाढून घेताना म्हणत, "जंगम उपाशी उठला तर घरधन्याला पाप. मी तुमच्यासाठीच खायलोय." मला त्यांचा भारी कंटाळा यायचा.

माझे वडील, शरणप्पा, त्यांचे बालमित्र. तरी जंगम म्हणून अप्पा त्यांना अहोजाहोच करत. अप्पा रोज पहाटे आंघोळ करून, विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचे. दीक्षेत मिळालेलं हे लिंग लिंगायत माणूस मरेपर्यंत गळ्यात बाळगतो. या नेमाला अप्पा पक्के, पण बीपीच्या गोळीला हात लावत नसत. "मला काय झालंय? ठणठणीत हाय मी." आमच्या भागात गल्लीला एक तरी पाय ओढत चालणारा सापडतो, आणि लकवा येण्याच्या आदल्या दिवशी तोही ठणठणीतच असतो.

एका सकाळी पूजा चालू असताना अप्पांच्या हातातून लिंग सुटलं आणि खाली पडलं. जुन्या माणसांना याहून मोठा अपशकुन नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, किंचाळली. मी धावत गेलो तर अप्पांचा डावा हात लुळा, तोंड वाकडं. "लकवा हाय, दवाखान्यात चला!" मी ओरडत होतो, पण मी शाळेत मास्तर, घरात मास्तराचं कोण ऐकतं! अप्पांनी उजव्या हातानं खांबाला मिठी मारली. शब्द जड येत होते, हट्ट मात्र स्पष्ट होता. प्रायश्चित्त झाल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही, पाण्याचा घोटही घेणार नाही. चुलतभाऊ कबूतर शोधायला पळाला. त्याचं रक्त चोळलं की लकवा उतरतो म्हणे. अव्वानं अय्यांना निरोप धाडला. आता हा माणूस कलश मांडणार, दुपार करणार आणि माझा बाप हातचा जाणार.

अय्या आले ते अनवाणी, धापा टाकत. त्यांनी लिंग उचलून डोळ्यांना लावलं आणि अप्पांच्या गळ्यात बांधलं.

"अय्या, लिंग गेलं माझं," अप्पा रडायला लागले.

"लिंग कुठं जायलंय? हात जायलाय तुझा!" अय्या गरजले. "प्रायश्चित्त कुणी सांगायचं? मी का तू?"

"तुमी."

"मग ऐक. पोरगा नेईल तिकडं जायचं. डाक्टर म्हणल ते करायचं. गोळी देतील ती रोज गिळायची, मरूस्तोर. हेच तुझं प्रायश्चित्त." मग माझ्यावर डोळे वटारले. "तू काय बघायलास? जीप काढ!"

अप्पांनी खांब सोडला. जीपमध्ये अय्यांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि कलबुर्गी येईपर्यंत माझ्यामागं "हाण की रं, हाण" असा धोशा लावला. एरवी मला हसू आलं असतं.

दवाखान्यात मेंदूचा स्कॅन काढला, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी अप्पांनी डाव्या हाताची बोटं हलवली. अव्वा आणि मी चारचौघांत खुशाल रडलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाहेर बाकावर अय्या चहा पीत होते. मी विचारलं, "अय्या, हे प्रायश्चित्त कुठल्या पोथीत हाय?"

"कुठल्याच न्हाई." त्यांनी कप बाकावर ठेवला. "माझ्या अण्णाच्या, थोरल्या भावाच्या, हातातून बी लिंग पडलेलं. तवा पोथीतलं समदं केलो मी. एक अक्षर सोडलो न्हाई. अण्णा गेला."

त्यानंतर अय्यांच्या पूजेत मी कधी घड्याळाकडं बघितलं नाही.

अप्पा प्रायश्चित्ताला इमानदार निघाले. लोणचं सुटलं, तंबाखू सुटली, गोळी एकदाही चुकली नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ते दटावून सांगायचे, "अय्यांची आज्ञा हाय, घ्या गोळी." डॉक्टरचं न ऐकणारे तेवढ्यानं ऐकायचे.

गेल्या वर्षी अय्या झोपेतच गेले. जंगमाचा देह फुलांच्या विमानात, म्हणजे सजवलेल्या डोलीत, बसवून खांद्यावरून समाधीला नेतात. अप्पांनी पुढचा दांडा डाव्या खांद्यावर घेतला. मठाच्या शेताकडं चढ लागला तसा मी घाबरून पुढं झालो.

"अप्पा, द्या माझ्याकडं."

"न्हाई." त्यांनी दांड्यावरची मूठ आणखी आवळली. "मला त्येनी नेले. आता त्येंला मी नेतो. सरक."