शनवारकाकांचं दार

शनिवारी शनवारकाका पान्याला हात लावत नसत. गोव्यातल्या पाळी गावच्या खाणीवर ते मेकॅनिक, मी ट्रक ड्रायव्हर. गाडी नेमकी शनिवारी बंद पडे. मी बोनेटपाशी आरडाओरडा करी आणि ते हात मागे बांधून काजूच्या झाडाखाली उभे राहत. म्हणत, "रविवारी ये. बाकीचे चर्चमध्ये मिसेला जातात, तेव्हा मीच असतो." माझी एक खेप बुडे. तो राग अजून गेलेला नाही.

काका कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे यहुदी; शनिवारी त्यांना काम वर्ज्य. खाणी बंद पडल्यावर मी तुये गावात जुन्या लाकडाची वखार टाकली. पडक्या घरांचे खांब, दारं उचलायची आणि मोरजीच्या हॉटेलवाल्यांना विकायची. हे ऐकून काका एकदा मला त्यांच्या गावी घेऊन गेले. म्हणाले, "आमची मशीद बघ." यहुदी प्रार्थनाघराला त्या गावात सगळे मशीदच म्हणतात.

छप्पर केव्हाच गेलेलं. जांभ्याच्या भिंती उभ्या, बायकांचा सज्जा एका बाजूने लोंबलेला. मधोमध कठड्याचा चौथरा, तिथून धर्मग्रंथ वाचत. ग्रंथाचं कपाट पश्चिमेच्या भिंतीत होतं. आता नुसता कोनाडा. "जेरुसलेम तिकडे," काकांनी समुद्राकडे बोट केलं. तेलाचे घाणे चालवणाऱ्या त्यांच्या पूर्वजांनी ही मशीद बांधली. मग एकेक घर इस्रायलला गेलं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमेनात, तेव्हा ग्रंथ मुंबईला नेला.

माझी नजर दारावर. अस्सल सागवान. चौकटीच्या उजव्या बाहीवर एक तिरकी खाच होती. देववचनाची डबी तिथे बसवलेली असे.

"काका, दार द्या."

"लावणार कुठे?"

"मोरजीला. समुद्रासमोर."

"हॉटेल की बार?"

"दोन्ही."

काका हसले. "आमच्यात सौदा वर चढतो, बाबा. बाकडं विकलं तर त्यातून ग्रंथाचं कपाट यावं. कपाट विकलं तर ग्रंथ यावा. उलटं चालत नाही."

"मग वाळवीला चालतं?"

"वाळवीशी मी सौदा केलेला नाही."

मी आयुष्यभर भाव खाली पाडत आलो. या माणसापुढे कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

पुढे काका मुलीकडे इस्रायलला गेले. डिचोलीच्या बसस्टँडवर मला म्हणाले, "तुझा थोडा राग नेऊ का बरोबर? तिकडे थंडी असते."

ते तिकडे गेले आणि मशिदीचं दार चौकटीसकट चोरीला गेलं. मला ते सापडलं सावंतवाडीच्या एका भंगारवाल्याकडे. वर हिरवा रंग फासलेला. पण उजव्या बाहीवरून हात फिरवला आणि बोट खाचेत गेलं. भंगारवाला शिव्या देईपर्यंत मी घासाघीस केली आणि दार घेतलं. मग काकांना फोन लावला.

"भाव पाडलास ना?"

"पाडला."

"शाबास." मग म्हणाले, "पण बारात नको हां देऊस."

माझा बेळगावचा सुतार खाच म्हणजे खोट समजून तीत लांबी भरायला बसला होता. त्याच्यावर मी एवढा ओरडलो की तो दोन दिवस कामाला आला नाही.

यंदा काकांच्या मुलीचा फोन आला. काका गेले. "दाराचं काय करायचं ते तुम्हाला कळेल, असं बाबा म्हणाले."

मला काय कळणार? दार वखारीत जागा अडवून उभं आहे. येता-जाता माझा खांदा त्याला लागतो आणि डोकं फिरतं. मोरजीचे हॉटेलवाले त्याच्यासाठी चकरा मारतात. मी सगळ्यांना सांगतो, "रविवारी या."

रविवारी माझी वखार बंद असते.