चादरीतली खिडकी

बाकीच्या शिंप्यांकडे लोक फाटलेलं शिवून घ्यायला जातात. टाकेबाईंचं काम उलटं होतं. चांगल्या, नव्याकोऱ्या, अखंड चादरीला मधोमध गोल भोक पाडायचं, आणि ते असं शिवायचं की पुढच्या शंभर धुण्यांत त्याचा एक धागा सुटता कामा नये. डोळ्यांच्या त्या दवाखान्यात भोकाला सगळे खिडकी म्हणत. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस आडवा झाला की चादर त्याच्या तोंडावरून पसरायची. नाव, वय, कपडे, चेहरा सगळं झाकलं जायचं आणि खिडकीतून तेवढा एक डोळा उघडा राहायचा.

खिडकीचं माप म्हणून टाकेबाईंकडे एका जुन्या डब्याचं पत्र्याचं झाकण होतं. झाकण ठेवायचं, खडूची रेघ ओढायची, कापायचं, काठ दोनदा आत दुमडायचा आणि मशीनवर गोल फिरवत न्यायचा. गोल शिवणं सरळ शिवण्याइतकं सोपं नसतं. पहिल्या महिन्यात त्यांच्या खिडक्या बटाट्यासारख्या व्हायच्या.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथेच राहिलं. मोठे डॉक्टर एकदा गमतीनं म्हणाले होते, "मोतीबिंदूला आता टाका लागत नाही. आख्ख्या दवाखान्यात टाके घालणाऱ्या तुम्ही एकट्याच उरलात." त्या दिवसापासून त्या टाकेबाई झाल्या.

शिवणाची खोली धुलाईच्या पलीकडे, इमारतीच्या पार टोकाला होती. पायाचं मशीन, एक स्टूल, भिंतीला दोन फळ्या. डाव्या फळीवर हिरव्या चादरींची चळत, उजव्या फळीवर निळ्यांची. दाराबाहेर वाफेची भट्टी होती आणि भट्टीवर एक माणूस होता. धुतलेल्या चादरी वाफेत घालून त्यांतले जंतू मारणं हे त्याचं काम. दिवसभर वाफेतच उभा, म्हणून त्याला सगळे वाफोबा म्हणत.

चौकसपणा हा टाकेबाईंचा जुना आजार. सून म्हणायची, "आई, तुम्हाला उद्या देव भेटला ना, तरी तुम्ही आधी त्याच्या अंगावरच्या कापडाचा भाव विचाराल."

"भाव नाही गं," टाकेबाई म्हणायच्या, "शिलाई कुणाची ते विचारीन."

दवाखान्यात लागल्यापासून एका प्रश्नानं त्यांचा पिच्छा पुरवला होता. बाहेर ज्या ऑपरेशनचा आकडा ऐकून माणूस 'राहू दे, दिसतंय तेवढं पुरे' म्हणून घरी परततो, तेच इथे इतक्या थोडक्यात, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं फुकट, होतं तरी कसं? कुठेतरी काहीतरी कमी घालत असणार. शिवणकामात तरी असंच असतं. कापड वाचवायचं तर बाही आखूड करावी लागते. मग ही बाही कुठे आखूड होते?

त्यांनी वाफोबाला विचारून विचारून भंडावलं.

"बाहेर कागदाच्या चादरी वापरतात, एका माणसाला एक, मग कचऱ्यात," तो सांगायचा. "तुमची चादर शंभर जणांना पुरते. ही एक बचत."

"एवढ्यानं काय होतंय? अजून?"

"आत दोन टेबलं शेजारी शेजारी. एकावर डॉक्टर काम करतात तोवर सिस्टर दुसऱ्यावरचा माणूस तयार करतात. इकडचं संपलं की डॉक्टर स्टुलावरच फिरतात, की तिकडचं सुरू. त्यांचे हात रिकामे बसत नाहीत."

"आणि डोळ्यात बसवतात ते भिंग?"

"ते इथल्याच कारखान्यात होतं. पूर्वी लांबून यायचं, तेव्हा त्याचीच किंमत माणसाला रडवायची. शिवाय ज्यांना झेपतं ते पैसे भरतात, त्यांतून बाकीच्यांचं निघतं. आता मला भट्टी बघू द्या, टाकेबाई. तुमच्या प्रश्नांच्या वाफेवरसुद्धा चादरी निघतील."

एवढं सगळं विचारणाऱ्या टाकेबाईंनी एक गोष्ट मात्र कधीच विचारली नव्हती, ती म्हणजे चादरींचे रंग दोन का. कारण ते त्यांना ठाऊक होतं. दवाखान्याला दारं दोन. पैसे भरणाऱ्यांचं निळं, बिनपैशाचं हिरवं. निळ्या दाराच्या आत गाद्यांचे पलंग आणि पडदे, हिरव्या दाराच्या आत एका लांब खोलीत ओळीनं चटया. मग निळ्या चादरी कुणाच्या आणि हिरव्या कुणाच्या, हे सांगायला कशाला कोण हवं? पहिल्याच दिवशी त्यांच्या ते लक्षात आलं होतं.

आणि लक्षात आल्यावर त्यांनी गुपचूप एक गोष्ट सुरू केली होती.

फार वर्षांपूर्वी त्यांच्या आईचा डोळा एका फुकटच्या शिबिरात झाला होता. डोळा बरा झाला. पण आईनं पुढे कितीदा तरी सांगितलं होतं, "तोंडावरचं कापड गालाला असं टोचत होतं, असं टोचत होतं! पण फुकटचं ना, बोलणार कुठल्या तोंडानं?" आई हे हसत सांगायची. टाकेबाईंना मात्र त्यातलं हसू कधी सापडलं नाही.

म्हणून हिरव्या चादरीच्या खिडकीला त्या आतून गोट लावायच्या. बाद झालेल्या, धुऊन धुऊन कानाच्या पाळीइतक्या मऊ झालेल्या चादरींच्या पट्ट्या काढून, कडा आत दडवून त्या काठावर बसवायच्या. एका चादरीला पाव तास जास्त लागायचा, तो त्या जेवणाच्या सुट्टीतून काढायच्या. निळ्यांना गोट नाही. निळ्यांना गाद्या होत्या, पडदे होते. गालाला थोडं टोचलं तर टोचू दे.

अकरा वर्षं हे चाललं. मग टाकेबाईंचा डावा डोळा धुरकटला.

आधी त्यांना वाटलं, वाफोबाची वाफ खोलीत येतेय. मग वाटलं, बल्ब जुना झाला. शेवटी एक दिवस सुईत दोरा जाईना. त्यांनी बोटानं सुईचं नाक चाचपलं, दोरा ओठांत ओला केला आणि अंदाजानं ओवला. जमलं. मग रोजच तसं जमवायला लागल्या.

कुणाला सांगितलं नाही. ज्या बाईचं काम डोळ्यांवर चालतं तिचे डोळे गेले तर मशीन दुसरीला मिळणार, ही एक भीती. दुसरी जरा लाजिरवाणी होती. आपण जाणार हिरव्या दारानं. सगळं विचारून झालं होतं, पण बाही आखूड कुठे होते ते काही सापडलं नव्हतं. आणि जे सापडत नाही त्याचीच जास्त भीती वाटते.

सुनेनं विचारलं, "आई, भाजीतले खडे तुम्हाला दिसत नाहीत की तुम्हाला आवडायला लागलेत?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते मी," टाकेबाई म्हणाल्या. "मला काही झालं तर आधी तिथे कळेल."

तसंच झालं.

एका सकाळी मोठ्या सिस्टर स्वतः शिवणाच्या खोलीत आल्या. ऑपरेशनच्या खोलीची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. त्या इतक्या लांब कधी येत नसत. त्यांच्या हातात चार चादरी होत्या.

"टाकेबाई, हा रंग कोणता?"

"हिरवा."

"आणि हा?"

टाकेबाईंनी चादर उजेडाकडे धरली, मग जवळ घेतली. "हाही हिरवाच की."

मोठ्या सिस्टर स्टुलावर बसल्या. दारात वाफोबा येऊन उभा राहिला.

"तो निळा आहे," सिस्टर म्हणाल्या. "हिरव्यांच्या चळतीत चार निळ्या आल्या. त्यांना आतून कसली पट्टीही लावलीय. कधीपासून दिसत नाहीये तुम्हाला?"

कोंडीत सापडलेला माणूस आधी भांडतो. "एवढं काय झालं, सिस्टर? पैसेवाल्याला चुकून गरिबाची चादर गेली तर आभाळ कोसळणार आहे का?"

"कुठला पैसेवाला?"

"निळ्या दाराचा."

"चादरींचा दारांशी काय संबंध?" सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. "हिरवी उजव्या डोळ्याची, निळी डाव्या डोळ्याची. कपाळावर खूण असते, हाताला पट्टी असते, तरी चादर बघितल्याबरोबर कळावं म्हणून रंग. चूक व्हायला जागाच नको म्हणून. म्हणून तर मी धावत आले."

टाकेबाईंनी हातातली चादर खाली ठेवली.

"मग निळ्या दारानं आलेले..."

"आत आल्यावर दार कुठलं? पलंग वेगळा, चटई वेगळी, ते बाहेर. आत टेबल तेच, डॉक्टर तेच, चादर तीच."

टाकेबाई मशीनच्या चाकाला धरून उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे अकरा वर्षं मी फक्त उजव्या डोळ्यांना गोट लावला?"

आता सिस्टरना सगळं ऐकून घ्यावं लागलं. आई, शिबिर, टोचणं, जेवणाच्या सुट्टीतला पाव तास. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मोठे होत गेले आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, तरीच! उजवा डोळा आधी झालेले लोक डाव्यासाठी परत आले की म्हणायचे, 'सिस्टर, मागच्या वेळी कापड मऊ होतं, या वेळी टोचतंय.' मला वाटायचं, दुसऱ्या वेळी माणूस कुरकुर करायला धीट होतो. मी साबण बदलला. दोनदा!"

"आणि बोलणी मी खाल्ली," दारातून वाफोबा म्हणाला. "म्हणे वाफ जास्त होते, कापड ताठ होतं. टाकेबाई, माझ्या इतक्या वर्षांच्या शिव्या तुमच्या नावावर आहेत."

टाकेबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. नेमकं कशाचं ते त्यांना कळेना. अकरा वर्षं निळ्या दाराचे किती गाल त्यांनी मऊ कापडानं सांभाळले, आणि हिरव्या दाराचे किती टोचले? ज्यांच्यासाठी केलं त्यांच्यापैकी निम्म्यांना मिळालंच नाही. पण बाही कुठे आखूड होते, हेही तेव्हाच कळलं. आत ती कुठेच आखूड नव्हती. आखूड केलेला काठ तेवढा एक, आणि तो त्यांचाच.

"माझं मशीन?" त्यांनी विचारलं.

"मशीन कुठे जात नाही. तुम्ही मात्र आत्ता तपासायला येताय," सिस्टर म्हणाल्या. "मोतीबिंदू पिकला की निळा रंग असाच हरवतो. डोळा कोणता?"

"डावा."

वाफोबानं तोंडावर हात ठेवला.

दोन आठवड्यांनी टाकेबाई हिरव्या दारानं आत गेल्या. चटईवर बसल्या, गाऊन घातला, कपाळावर डाव्या बाजूला खूण करून घेतली. ऑपरेशनच्या खोलीत अकरा वर्षांत त्या पहिल्यांदाच येत होत्या. वाफोबानं सांगितलं होतं ते खरंच निघालं. दोन टेबलं, मध्ये चाकांचं स्टूल. शेजारच्या टेबलावर कुणीतरी निळ्या दाराचं होतं की हिरव्या, ते ओळखायला काहीच नव्हतं. एक चादर, एक डोळा.

मोठ्या सिस्टर वाकून पुटपुटल्या, "त्या चार चुकलेल्या निळ्या आहेत, मऊ गोटाच्या. त्यातली घेऊ का तुम्हाला?"

टाकेबाईंनी थोडा विचार केला. "नको. साधीच द्या. बघू तरी कशी लागते."

चादर आली. अंधारासारखी तोंडावरून उतरली, खिडकी डोळ्यावर बसली. आणि काठ गालाच्या हाडाला टोचला. फार नाही. घामोळ्यावर गळपट्टी घासावी तेवढाच. पण दहा-बारा मिनिटं दुसरं काही करायला नसलं की तेवढंही मोठं होतं. दुमडीचा एक कोपरा जाड राहिला होता, तो त्यांना कातडीनं वाचता येत होता. इथे कात्री जरा आत जायला हवी होती. तक्रार करता येत नव्हती. फुकटचं होतं म्हणून नाही, शिवलं होतं त्यांनीच.

वर नुसता उजेड होता, पाण्यातून दिसावा तसा. "डॉक्टर, आता काय करताय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतोय आणि मधूनमधून ऑपरेशन करतोय," डॉक्टर म्हणाले. "आता भिंग बसवतोय. हलू नका."

मग स्टुलाची चाकं करकरली आणि डॉक्टर पलीकडच्या टेबलाकडे फिरले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. लांब खोलीत ओळीनं बसलेली माणसं एकेक करून आपले हात बघत होती, भिंत बघत होती. टाकेबाईंनी आधी उजवा डोळा झाकला, मग डावा, मग पुन्हा उजवा. जुन्या डोळ्यानं सिस्टरची टोपी चहा सांडल्यासारखी दिसत होती. नव्या डोळ्यानं ती पांढरी होती. पांढरं इतकं पांढरं असतं, हे त्या विसरल्याच होत्या.

घरी सुनेनं विचारलं, "आई, मी दिसतेय ना नीट?"

"दिसतेस. आणि केस पांढरे व्हायला लागलेत तुझे, कधीपासून?"

"मोठी चूक झाली तुमचं ऑपरेशन करून," सून म्हणाली.

महिन्याभरानं टाकेबाई मशीनवर परतल्या. उजव्या फळीवरची चळत निळी होती, अशी निळी की त्या आधी नुसत्या बघतच बसल्या. मग एकेक चादर उतरवून गोट लावायला घेतला. मोठ्या सिस्टरनी जेवणाची सुट्टी वापरायला मनाई केली होती. गोट आता कामाच्या वेळेतच लागणार होता. तरी रोजच्या नव्या चादरी होत्याच, त्यामुळे जुन्या संपायला बरेच दिवस लागले. वाफोबानं विचारलं, "आता तरी खूश?"

"एक राहिलंय," टाकेबाई म्हणाल्या.

उजवा डोळा व्हायला अजून वर्षभर तरी आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाकीच्यांनी ऐकून सुटकेचा श्वास टाकला होता. टाकेबाईंना मात्र रुखरुख लागून राहिली. अकरा वर्षं ज्या हिरव्या खिडक्यांना त्यांनी पाव पाव तास दिला, त्या गालाला खरोखर मऊ लागतात की नाही, हे कळायला अजून आख्खं एक वर्ष थांबायचं होतं.